आधी चौकशी कर

प्रिय बाळा,



तुझा निरोप मिळाला. फोनवर बोलता आलं असतं, पण काही गोष्टी लिहूनच सांगाव्यात. वाचणाऱ्याला थांबता येतं, मागे जाता येतं. शिवाय तुझ्या मंडळीतल्या जबाबदार माणसांना तू हे पत्र इंग्रजीत समजावून सांगावंस, अशीही माझी इच्छा आहे.

मला कळलं ते असं. तुमच्या चर्चचं सभागृह रविवारी दुपारी स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळीला दिलेलं असतं. त्यातली एक बाई, ग्वाटेमालाची, लोकांची घरं साफ करते. बारा वर्षं झाली तिला ह्यूस्टनला येऊन, दोन्ही मुलं इथेच जन्मली. त्याच मंडळीतल्या एका गृहस्थाचं दुकान आहे. इन्कम टॅक्स, गावी पैसे पाठवणं आणि इमिग्रेशनचे कागद, सगळं तिथे होतं. उपासनेला ते पहिल्या रांगेत बसतात आणि छताच्या दुरुस्तीला त्यांनी मोठी देणगी दिली. "तुझी दहा वर्षं भरली, आता दहा वर्षांच्या कायद्याखाली ग्रीन कार्ड मिळेल," असं सांगून त्यांनी तिच्याकडून हप्त्या-हप्त्यानं पैसे घेतले आणि इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या. काही महिन्यांनी कामाचा परवाना आला, तेव्हा तिनं भर उपासनेत उभं राहून देवाचे आभार मानले. आणि आता इमिग्रेशन कोर्टाची नोटीस आली आहे. पास्टर म्हणतात, भावाभावांतली गोष्ट आहे, करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय वाचा, कोर्टकचेरी नको. आणि तू मला दोन गोष्टी विचारतोस. पास्टर म्हणतात ते बरोबर आहे का? आणि तुझं इंग्रजी चांगलं आहे, तू स्वतः एच-वन-बीपासून ग्रीन कार्डपर्यंतच्या कागदांतून गेला आहेस, तर तिचे पुढचे कागद तूच फुकट भरून दिलेस तर चालेल का?

दोन्हीला माझं उत्तर नाही असं आहे. पण कारणं समजून घे, नुसतं माझ्या नाहीवर जाऊ नकोस.

आधी तिच्या बाबतीत बहुतेक काय झालं असावं ते सांगते. कागद पाहिल्याशिवाय खात्रीनं बोलणं बरोबर नाही, पण ही रीत इतकी जुनी आहे की तिची पावलं मी ओळखते. दहा वर्षांचा कायदा म्हणून लोक ज्याला ओळखतात तो खरा आहे. पण त्यासाठी कुठल्या खिडकीवर जाऊन अर्ज करता येत नाही. ती सवलत फक्त इमिग्रेशन कोर्टाचा न्यायाधीश देऊ शकतो, आणि तीही सरकारनं त्या माणसाला देशाबाहेर घालवण्याची कारवाई सुरू केल्यावर. सलग दहा वर्षांचं वास्तव्य आणि चांगली वर्तणूक एवढ्यानं भागत नाही. ती गेल्यास तिच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याला, आईवडिलांना किंवा मुलांना नेहमीच्या ताटातुटीपेक्षा फार वेगळी, असाधारण हाल-अपेष्टा सोसावी लागेल, हे पुराव्यानं दाखवावं लागतं. मुलं रडतील, एवढं पुरत नाही. आणि साऱ्या अमेरिकेत मिळून वर्षाला 4,000 माणसांनाच ही सवलत देता येते.

मग दुकानदार काय करतो? तिला न सांगता तिच्या नावानं आश्रयाचा, म्हणजे असायलमचा अर्ज टाकतो. हा अर्ज देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो, त्याला थोडेच अपवाद आहेत. तिची बारा वर्षं झालेली. पण अर्ज पडून राहिला की काही महिन्यांनी कामाचा परवाना मागता येतो, आणि तो आला की बाईची खात्री पटते की काम होतंय. प्रत्यक्षात परवाना अर्ज प्रलंबित आहे म्हणून मिळालेला असतो, मंजूर झाला म्हणून नव्हे. पुढे अधिकाऱ्यापुढे मुलाखत होते, अर्जात दम नसतो, आणि प्रकरण कोर्टाकडे जातं. बारा वर्षं ज्या बाईचं नाव कुठल्याही फायलीत नव्हतं तिचं नाव, पत्ता, बोटांचे ठसे सगळं आता सरकारच्या हातात आहे. आणि ते तिनं स्वतः पैसे भरून दिलं आहे.

याहून वाईट भाग पुढे आहे. त्या अर्जात छळाची बनावट कहाणी लिहिलेली असेल आणि तिनं ती जाणूनबुजून लिहिली असं न्यायाधीशानं ठरवलं, तर जवळजवळ सगळ्या सवलतींची दारं तिला जन्मभरासाठी बंद होऊ शकतात. तिला तर त्या कागदावर काय लिहिलंय हेच ठाऊक नाही.

तिनं विश्वास कसा ठेवला, असं तुमच्यातलं कोणी म्हणत असेल तर त्याला सांग की लॅटिन अमेरिकेत नोतारियो पुब्लिको हा मोठा कायदेपंडित असतो. वकिलीचं शिक्षण, कडक निवड, समाजात मान. अमेरिकेतला नोटरी फक्त सही माझ्यासमोर झाली एवढं सांगणारा शिक्का मारतो. आपणही इथे फसलो असतो. नगरच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी आपल्याला वकील म्हणूनच माहीत आहे, कारण भारतात 1952च्या नोटरी कायद्याखाली सहसा वर्षानुवर्षं वकिली केलेल्यालाच ते काम मिळतं. टेक्सासच्या कायद्यानं वकील नसलेल्या नोटरीला ती स्पॅनिश पदवी पाटीवर लिहायला बंदी केली आहे. म्हणून पाट्या बदलल्या. आता सल्लागार, मल्टिसर्व्हिस, नाहीतर व्हॉट्सॲपवरचा नंबर. काम तेच.

पण बाळा, तिच्या बाबतीत पाटीनं काम केलं नाही. तो माणूस तिच्या शेजारी उभा राहून प्रार्थना करतो म्हणून तिनं विश्वास ठेवला. हे तुमच्या वडीलमंडळींनी नीट ऐकावं. परक्या देशात आलेल्या माणसाला सरकारी कचेरीची भीती वाटते, बँकेची वाटते, पोलिसांची वाटते. देवळाच्या दारातून तो निर्धास्त आत येतो. तो निर्धास्तपणा मंडळीनं पिढ्यान्‌पिढ्या सेवेनं कमावलेला असतो, आणि असा माणूस नेमका तोच खर्चून खातो. 2012च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी चिनी लोकांसाठी खोटे आश्रयअर्ज बनवल्याबद्दल 26 जणांवर आरोप ठेवले. त्यात 6 वकील होते, दुभाषे होते, आणि एका चर्चमध्ये काम करणारी व्यक्तीही होती. आरोप असा होता की धार्मिक छळाची गोष्ट खरी वाटावी म्हणून अर्जदारांना ख्रिस्ती विश्वासाचे धडे घोकून दिले जात. ज्या शिकवणीतून माणसाचं तारण व्हावं ती खोट्या साक्षीची तयारी म्हणून विकली गेली. हे वाचलं तेव्हा मला फार दुःख झालं, आजही होतं.

कॅलिफोर्नियात एकानं दत्तकाचा धंदा मांडला होता. मोठ्या वयाच्या परदेशी माणसाला अमेरिकन नागरिकानं दत्तक घेतलं की नागरिकत्व मिळतं, असं तो सांगे. कायद्यात असं काही नाही. इमिग्रेशनसाठी दत्तकविधान सर्वसाधारणपणे मूल 16 वर्षांचं होण्याआधी व्हावं लागतं. साडेचारशेहून जास्त लोकांनी त्याला पैसे दिले, कोणी साडेपाचशे डॉलर, कोणी 10,000 पर्यंत. त्यातल्या एकालाही नागरिकत्व मिळालं नाही. त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच्यावरच्या एका कलमाचा वाद 2023 साली थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला. आपण देवाच्या घरात दत्तक घेतलेली लेकरं आहोत असं पौल शिकवतो. घराला आसुसलेल्या माणसाला दत्तक या गोष्टीची केवढी ओढ असेल, हे त्या माणसानं अचूक हेरलं होतं.

आणि फसवणारा नेहमी विनापरवान्याचाच असतो असंही समजू नकोस. तू राहतोस तिथून पूर्वेला, लुइझियानाच्या सीमेला लागून ऑरेंज नावाचं गाव आहे. 2005 साली कॅटरिना वादळ झाल्यावर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीनं तिथल्या आणि मिसिसिपीतल्या पॅस्कागूलाच्या गोदीसाठी भारतातून सुमारे 500 वेल्डर आणि पाइपफिटर आणले. मुंबईचा भरती एजंट आणि न्यू ऑर्लिन्सचा सनदी वकील त्यात सामील होते. ग्रीन कार्ड मिळेल, बायकामुलांना नेता येईल, असं सांगून एकेकाकडून 10 ते 20 हजार डॉलर घेतले. लोकांनी जमिनी विकल्या, सावकाराचं कर्ज काढलं. हातात पडला तो थोड्या महिन्यांचा एच-टू-बी व्हिसा. कंपनीच्या कुंपणातल्या छावणीत एका खोलीत 24 माणसं, आणि त्या जागेसाठी पगारातून महिन्याला 1,050 डॉलर कापले जात. 2008च्या मार्चमध्ये त्यातले अनेक जण काम सोडून बाहेर पडले, पुढे वॉशिंग्टनपर्यंत मोर्चा काढत गेले, उपोषण केलं. 2015च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीनं पहिल्या 5 कामगारांना मिळून 1 कोटी 40 लाख डॉलर द्यायला सांगितलं. कंपनी, एजंट आणि वकील तिघांनाही जबाबदार धरलं. त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, बाकीच्या दाव्यांत 2 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीनं माफी मागितली.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगितली. तिथे न्याय मिळाला तो माणसं एकत्र राहिली म्हणून, बाहेरच्या वकिलांनी वर्षानुवर्षं खटला चालवला म्हणून, आणि लोकांनी पावत्या, करार, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या म्हणून. ते सगळं सात वर्षं चाललं. तुमच्या मंडळीला मी जे मागणार आहे त्यात हा धीरही आहे.

आता पास्टरांचा शास्त्रभाग. त्यांनी दाखवलेला अध्याय मी पुन्हा उघडून बसले. करिंथच्या मंडळीतले लोक आपसातल्या क्षुल्लक तंट्यांसाठी एकमेकांना न्यायालयात खेचत होते, त्यांना पौल विचारतो की त्यापेक्षा अन्याय सोसून का घेत नाही. सातवी ओवी इथे संपते आणि पास्टर इथेच थांबले. आठव्या ओवीत पौल अन्याय करणाऱ्यांकडे वळतो: तुम्ही स्वतःच लुबाडता, आणि तेही आपल्या भावांना, असा त्याचा रोख आहे. दोन ओव्या पुढे, देवाच्या राज्याचे वारस होणार नाहीत अशांची यादी तो देतो, आणि लुबाडणारे त्या यादीत आहेत. सोसून घे, हे ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं स्वतःला सांगायचं असतं. लुबाडणाऱ्याच्या देणगीचं छत डोक्यावर असलेल्यांनी ते तिला सांगू नये.

शिवाय कोर्टात जायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. खटला सरकारनं तिच्यावर भरला आहे. ती गेली नाही तर तिच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम होईल.

आणि पौल स्वतः काय करतो? फिलिप्पैत बेकायदा फटके मारून गुपचूप सोडून द्यायला निघालेल्या अधिकाऱ्यांना तो म्हणतो, तुम्ही स्वतः येऊन बाहेर काढा. यरुशलेमेत सरदार त्याला चाबकानं मारायला बांधतो तेव्हा तो आपलं रोमी नागरिकत्व सांगतो. तो सरदार सांगतो की हे नागरिकत्व मी पुष्कळ पैसा मोजून विकत घेतलं. नागरिकत्वाचा बाजार त्या काळीही होता, आणि कोणाला मारायचं, कोणाला नाही, हे त्या कागदावरच ठरत होतं. पुढे रोमी सुभेदार फेस्तापुढे न्याय मिळत नाही असं दिसल्यावर पौल सरळ कैसराकडे दाद मागतो. कायद्याचा आधार घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं त्याला कुठेही वाटलेलं दिसत नाही.

अनुवादाच्या 27व्या अध्यायात एबाल डोंगरावरच्या शापांची यादी आहे. आंधळ्याला वाटेत भुलवणाऱ्यावर शाप आहे, आणि त्याच्या लगेच पुढे परका, अनाथ आणि विधवा यांचा न्याय विपरीत करणाऱ्यावर. प्रत्येक शापाला साऱ्या लोकांनी आमेन म्हणायचं आहे. ज्या भाषेतलं एक अक्षर वाचता येत नाही त्या कागदावर एका बाईची सही घेणं, यात ते दोन्ही शाप एकत्र आले आहेत. तुमच्या मंडळीला आमेन म्हणायचं आहे की गप्प बसायचं आहे, हे विचार.

पण मला तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ईयोबाचा 29वा अध्याय. ईयोब आपल्या चांगल्या दिवसांची आठवण सांगतो. वेशीत, म्हणजे जिथे न्यायनिवाडा होई तिथे, तो बसत असे. आंधळ्यांना आपण काय होतो, लंगड्यांना काय होतो, हे सांगताना तो म्हणतो की ज्याला मी ओळखतही नव्हतो त्याच्या फिर्यादीची मी चौकशी करत असे. त्यानंतर दुष्टाच्या जबड्यातून शिकार काढून घेतल्याचं तो सांगतो. क्रम पाहा. आधी चौकशी, मग जबडा. आपल्या मंडळ्यांमध्ये दया भरपूर आहे. पिशवीभर तांदूळ, थंडीत कोट, आजारात प्रार्थना, हे आपण मनापासून करतो. चौकशीला मात्र वेळ लागतो, कागद वाचावे लागतात, कोणाचा तरी राग ओढवतो, म्हणून ती राहून जाते. मला सगळं आयुष्य या कामात घालवून एकच गोष्ट पक्की कळली आहे. परक्याला न्याय हवा असेल तर कोणीतरी त्याची फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचली पाहिजे, आणि ज्याला ती वाचता येते त्यानंच वाचली पाहिजे.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नालाही नाही. राग मानू नकोस. तुझी फाइल तुझ्या कंपनीच्या वकिलानं बनवली होती, तू फक्त जन्मतारखा आणि पासपोर्टचे नंबर दिलेस. कुठला अर्ज करायचा हे ठरवणं हीच वकिली आहे. अमेरिकन कायद्याप्रमाणे इमिग्रेशनच्या बाबतीत असा सल्ला फक्त सनदी वकील देऊ शकतो, किंवा न्याय खात्यानं मान्यता दिलेल्या धर्मादाय संस्थेतला अधिकृत प्रतिनिधी. मी स्वतः अशी प्रतिनिधी होते. ती मान्यता संस्थेशी बांधलेली असते. मी निवृत्त झाले त्या दिवशी ती संपली. म्हणून मीही आज तिला कुठला अर्ज कर हे सांगणार नाही. वर लिहिलं ते तुला समजावं म्हणून.

भल्या माणसांनी केलेलं नुकसान मी पाहिलं आहे. ग्रीन कार्ड असलेल्या एका आजोबांचा नागरिकत्वाचा अर्ज चर्चमधल्या एका प्रेमळ शिक्षिकेनं भरून दिला. तरुणपणीचा एक गुन्हा तिनं प्रामाणिकपणे लिहिला. तो गुन्हा हद्दपारीच्या यादीत बसतो हे तिला माहीत नव्हतं. अर्ज गेला नसता तर ते शांतपणे जगले असते. दुसऱ्या एकाला कोणी तरी सांगितलं की बायको नागरिक आहे ना, मग गावी जाऊन दूतावासातून व्हिसा घेऊन ये. 1996च्या कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त काळ बिनपरवाना राहून जो देश सोडतो त्याला 10 वर्षं परत येता येत नाही. त्यातून सूट मागता येते, पण ती निघण्याआधी मागणं शहाणपणाचं असतं. तो विमानात बसला तेव्हा कोणीही त्याला लुबाडत नव्हतं. सगळे त्याचं भलंच चिंतत होते.

अर्ज न भरताही तुझ्या हातात पुष्कळ आहे. नोटिशीवर तिचा ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनच्या फाइलचा क्रमांक, असेल. त्यावरून इमिग्रेशन कोर्टाच्या संकेतस्थळावर पुढची तारीख दिसते. ती आजच पाहा, कारण असे दुकानदार अर्जावर बहुतेकदा स्वतःचा पत्ता लिहितात आणि कोर्टाची पत्रं दुकानात कुजत पडतात. एखादी तारीख आधीच चुकून हुकूम झाला असेल तर प्रकरण पुन्हा उघडण्याची मुदत काही कारणांसाठी 180 दिवसांचीच असते. नोटीस मिळालीच नव्हती असं दाखवता आलं तर ती मर्यादा नसते. वकिलाला हे पहिल्या भेटीत कळलं पाहिजे. पत्ता बदलला असेल तर कोर्टाला 5 दिवसांत आणि इमिग्रेशन खात्याला 10 दिवसांत वेगवेगळं कळवायचं असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तिच्या नावानं काय काय दाखल झालं त्याची पूर्ण प्रत वकील सरकारकडून मागवू शकतो. त्यात अर्ज तयार करणाऱ्याची सही आहे का पाहा. दुसऱ्याचा अर्ज भरून देणाऱ्यानं तिथे आपलं नाव लिहून सही करायची असते, आणि लपणारा माणूस ती जागा कोरी सोडतो.

पावत्या, पैसे पाठवल्याच्या नोंदी, व्हॉट्सॲपचे संदेश, दुकानाच्या पाटीचा फोटो, सगळं जमव. आणि त्या गृहस्थांशी आत्ता बोलू नकोस. मत्तयाच्या 18व्या अध्यायाप्रमाणे एकांतात जाऊन समज द्यावी असं तुला वाटेल, आणि ती वेळ येईल. पण तारखा धावत असताना त्यांना आधी सावध केलंस तर कागद नाहीसे होतील, किंवा तोंड उघडलंस तर पकडून देईन अशी धमकी तिला मिळेल. तशी धमकी आली तर शब्द, तारीख, वेळ लिहून ठेव. धमकावून पैसे उकळणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि अशा गुन्ह्यात पोलिसांना मदत करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे. तो तिला लागू होईल की नाही हे वकील सांगेल. त्या नावावर दुसरा कोणी पैसे मागायला आला तर मात्र सावध राहा, कारण यू व्हिसाचीही आता दुकानं झाली आहेत.

तक्रार राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे करता येते, तुला किंवा चर्चलाही माहिती देता येते. पण आजची हवा तुला माहीत आहे. 2025च्या जानेवारीत चर्च, शाळा, दवाखाने इथल्या कारवाईवर असलेली जुनी बंधनं सरकारनं काढून टाकली, आणि भीती वाढली की असा धंदा फुगतो. म्हणून तिच्या नावानं काहीही पाठवण्याआधी वकिलाशी बोलणं झालंच पाहिजे.

या कोर्टात सरकार गरिबाला वकील देत नाही. फौजदारी खटल्यात मिळतो तसा इथे मिळत नाही, स्वतःच्या खर्चानं आणावा लागतो. न्याय खात्याच्या संकेतस्थळावर राज्यवार मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. ह्यूस्टनला कॅथलिक चॅरिटीजचं संत काब्रिनींच्या नावाचं केंद्र आहे, तिथून सुरुवात कर. काब्रिनी स्वतः इटलीहून आलेल्या. तिथे रांग फार लांब असेल तर खासगी वकील लागेल, आणि तो खर्च तुमच्या मंडळीनं उचलावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठून, असं वडीलमंडळी विचारतील. छताच्या देणगीतून. यहूदानं परत फेकलेली चांदी मंदिराच्या खजिन्यात टाकणं योग्य नाही, एवढं त्या मुख्य याजकांनाही कळलं होतं. त्यांनी त्या पैशातून परक्यांना पुरायला शेत घेतलं. तुमच्याकडे आलेला पैसा जिवंत परक्यांसाठी वापरा. चौकशीत तो पैसा स्वच्छ ठरला, तर एका बाईचा वकील केल्याचं कोणालाही दुःख होणार नाही.

त्या गृहस्थांचाही विचार माझ्या मनात आहे. ते तुमचे भाऊ आहेत हे पास्टर म्हणतात ते खरंच आहे. जक्कयाच्या घरी प्रभू मुक्कामाला गेला, आणि जक्कयानं अन्यायानं घेतलेलं चौपट परत देतो असं उभं राहून सांगितलं. तारण या घराला आलं आहे, असं प्रभू त्यानंतर म्हणाला. फक्त माफीवर हा भाऊ सोडून दिला तर त्याच्या हातून परतफेडीचं पुण्य तुम्हीच काढून घ्याल. आणि ही बाई एकटी असणार नाही. त्या दुकानात आणखी कोण कोण गेलं, हे पास्टरांनी व्यासपीठावरून, नाव न घेता, स्पॅनिशमधून विचारावं. ज्या उपासनेत उभं राहून तिनं आभार मानले तिथेच हे विचारलं गेलं पाहिजे. लोक दुसऱ्या कुठल्या तोंडून ते ऐकणार नाहीत.

हे प्रकरण मार्गी लागल्यावर एक मोठं काम तुमच्यापुढे ठेवते. चर्चला स्वतः न्याय खात्याची मान्यता मागता येते. करमुक्त धर्मादाय संस्था हवी, काम मुख्यतः गरिबांसाठी हवं, आणि इमिग्रेशन कायदा रीतसर शिकलेलं, चांगल्या चारित्र्याचं निदान एक माणूस हवं. ते माणूस वकील असण्याची गरज नाही. त्या माणसाला मर्यादित मान्यता मिळाली तर ती फक्त इमिग्रेशन खात्यापुरती असते; पूर्ण मान्यता असेल तर कोर्टातही उभं राहता येतं. दर 3 वर्षांनी त्या माणसाची मान्यता नवी करावी लागते. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी 1988 साली यासाठी क्लिनिक नावाची संस्था उभी केली, ती इतर पंथांच्या लोकांनाही शिकवते. मेथडिस्टांनी 1999 साली वेगळी वाट काढली: वकील संस्थेचा, जागा चर्चची, आणि चहा देणारे, मुलं सांभाळणारे, दुभाषे सगळे मंडळीतले स्वयंसेवक. तुझ्यासारख्याला ही दुसरी वाट लवकर जमेल. मी शिकत होते तेव्हा माझ्या वर्गात निवृत्त नर्स होत्या, एक सुतार होता, शाळेतल्या बाई होत्या. सगळ्यात चांगला प्रतिनिधी तो सुतार झाला, कारण तो प्रत्येक कागद घाई न करता मोजून घेई.

गुरुवारी तू तिला भेटणार आहेस असं लिहिलंयस. तिच्या मोठ्या मुलीला दुभाषी करू नकोस. आईनं काय भोगलं, आता काय होऊ शकतं, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून वदवून घेणं क्रूर आहे, आणि आई मुलीसमोर सगळं बोलणारही नाही. त्या दुकानाशी संबंध नसलेली, दुसऱ्या मंडळीतली एखादी स्पॅनिश बोलणारी बाई बरोबर घे. ग्वाटेमालातल्या कित्येक लोकांची घरची भाषा स्पॅनिश नसून माया कुळातली असते, तेही आधी विचारून घे. तिला स्पॅनिश जेमतेम येत असेल तर सह्या करताना तिला आणखीच कमी कळलं असेल, आणि वकिलाला ते समजलं पाहिजे. काही वचन देऊ नकोस. ती हरूही शकते, हे तिच्यापासून लपवू नकोस. तिच्या मुलांपैकी कोणाला मोठं आजारपण आहे का, शाळेत खास मदत लागते का, तिला इथे कोणी मारहाण केली आहे का, हे प्रश्न वकील विचारेल. तू विचारू नकोस. ती आपणहून बोलली तर ऐक आणि लिहून ठेव. आणि त्या माणसाविरुद्ध तक्रार करायची की नाही, हे वकिलाशी बोलून तिनं ठरवायचं आहे. तू, पास्टर किंवा मी नाही. ती नको म्हणाली तरी कोर्टाच्या तारखेला तू तिच्याबरोबर जा. कामावर आधी रजा टाकून ठेव.

आईला फोन कर, ती वाट पाहते.

तुझी,
मावशी